नवव्या पिनेवरची तार

गल्लीतले रेडिओवाले, स्पीकरवाले, वाइंडिंगवाले, सगळे तिला कानवाल्या वहिनी म्हणायचे. नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. एखादा अॅम्प्लिफायर दुरुस्त झाला, मेकॅनिकला पसंत पडला, गिऱ्हाइकाची तक्रार नाही, तरी तो काखोटीला मारून मेकॅनिक तिच्या नवऱ्याच्या दुकानात आणायचा आणि म्हणायचा, वहिनी, जरा कान लावा. मग ती हातातलं काम बाजूला ठेवायची, डावा कान स्पीकरच्या कागदाला भिडवायची आणि डोळे मिटायची. घूं जाड आली तर हीटरच्या तारा बघा म्हणायची. बारीक किरकिरी आली तर पॉवर सप्लायमधला कंडेन्सर बदला. काहीच आलं नाही तर नुसती मान हलवायची, आणि मेकॅनिक परीक्षेत पास झाल्यासारखा खूश होऊन जायचा.

नेहमी डावाच कान. उजवा का नाही, हे गल्लीत कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

नवऱ्याला गल्ली तोंडावर उस्ताद म्हणायची आणि पाठीमागे भडक्या. व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर आणि त्यांच्या आधी जोडायचे प्रीअॅम्प हातानं बांधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे खरंच. व्हॉल्व्ह म्हणजे काचेची बंद नळी. तिच्या पोटात एक तार तापून लाल होते, तिला हीटर म्हणतात. हीटर पेटला तर व्हॉल्व्ह जिवंत, नाहीतर नुसती काच. या हीटरला दिलेली वीज एसी असेल, म्हणजे उलटसुलट हेलकावणारी, तर तो हेलकावा गाण्यात शिरतो आणि स्पीकर घूं करत बसतो. म्हणून बाकीचे लोक ती वीज आधी सरळ करून, डीसी करून हीटरला देतात. उस्तादला त्यात कमीपणा वाटायचा. तो म्हणायचा, सरळ एसी देईन आणि तरी सेट मुका ठेवीन. दोन तारांना एकमेकींभोवती घट्ट पीळ घालायचा, म्हणजे एकीचा हेलकावा दुसरी खाऊन टाकते. तो पीळ चासीच्या, म्हणजे सेटच्या पत्र्याच्या सांगाड्याच्या, कोपऱ्यातून, बाकीच्या तारांपासून लांब न्यायचा. त्याची सगळी कीर्ती या पिळावर उभी होती, आणि पीळ घालायची ती.

लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी घालण्याची पद्धत बघून त्यानं तिला तारा दिल्या होत्या. एक टोक दाराच्या कडीला बांधायचं, दुसरं बोटांत धरायचं, आणि मागे मागे सरकत पीळ भरायचा. पहिल्याच वर्षी एका रेडिओत तिचा पीळ सैल राहिला आणि रेडिओ गुणगुणला. उस्तादनं रेडिओ बंद केला, तिला जवळ बोलावलं आणि उजव्या कानाखाली आवाज काढला. त्याचा हात सपाट येत नसे. तळवा वाटीसारखा खोलगट करून तो कानावर मारायचा, म्हणजे हवा आत कोंडते आणि डोकं आतून फुटतं. बाहेर वळसुद्धा उठत नाही. त्या दिवशी तिच्या उजव्या कानाचा पडदा फाटला आणि त्या कानात एक घूं येऊन बसली. ती पुढे कधीच गेली नाही. जेवताना, झोपताना, कुणाशी बोलताना ती चालूच असायची. उस्तादला तिनं हे कधी सांगितलं नाही, कारण त्यानं कधी विचारलं नाही. हळूहळू ती आतली घूं वजा करून बाहेरची ऐकायला शिकली, आणि मग गल्लीत कानवाली झाली. लोकांना त्याचं फार कौतुक.

पुढे मारायला कारण लागेनासं झालं. तार जोडायचा कथलाचा डाग कच्चा पडला, कथील सांडलं, गिऱ्हाइकानं घासाघीस केली, पाऊस आला, नाही आला. पक्कड पाठीत बसायची, ट्रान्सफॉर्मरची पट्टी पोटरीवर बसायची. एकदा त्यानं तिचं डोकं मागच्या भिंतीवर इतक्या वेळा आपटलं की शेजारच्या वाइंडिंगवाल्याच्या फळीवरून तारेचं रीळ खाली पडलं. वाइंडिंगवाल्यानं रीळ उचलून परत फळीवर ठेवलं आणि कामाला लागला. अर्ध्या फर्लांगावरची हीटरची घूं ओळखणारी गल्ली होती ती, तिला भिंतीवर आपटलेल्या डोक्याचा आवाज ऐकू येत नव्हता असं मला कुणी सांगू नये. कानाडोळा करणं ही तिथली सगळ्यात जुनी कारागिरी होती.

एवढ्या सगळ्यात उस्तादनं तिचा डावा कान मात्र जपला होता. तो धंद्याचा कान होता. कितीही पारा चढला तरी हात उजवीकडून यायचा, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही.

तिला एकच मुलगी. घरात तिला बारकी म्हणत. दुकानामागच्या दोन खोल्यांत बारकी वाढली, पण दुकानात तिनं पाऊल ठेवलेलं आईला खपायचं नाही. कारण बारकी लहान असताना एकदा दारात उभं राहून म्हणाली होती, आई, तो डब्बा घूं करतोय. डब्बा खरंच करत होता, आणि तो आवाज तोवर उस्तादलाही आला नव्हता. उस्तादनं मान वर करून पोरीकडे बघितलं. ती नजर आईनं बघितली. कामाच्या मेजाशी एक उंच स्टूल होतं, उस्तादच्या हाताच्या अंतरावर. त्या स्टुलावर आज आपण आहोत, उद्या ही असेल, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. त्याच संध्याकाळी तिनं बारकीला समोर बसवलं आणि पढवलं की बाबांनी विचारलं, काही ऐकू येतंय का, तर म्हणायचं, मला काही ऐकू येत नाही. कितीही मोठा आवाज असला तरी. बारकीनं ते पाठ केलं. बाप दोन-तीनदा विचारून कंटाळला आणि म्हणाला, पोरगी बोथट निघाली. तेव्हापासून आईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आपला कान चालतोय तोवर बारकीला त्या स्टुलावर कुणी बसवणार नाही.

बारकी कॉलेजात जायला लागली त्या वर्षी दातांचे डॉक्टर प्रीअॅम्प करून घ्यायला आले. त्यांच्याकडे जुन्या तबकड्यांची कपाटं होती आणि कपाटाएवढेच दोन स्पीकर होते. उस्तादनं हा सेट मनावर घेतला. तीन व्हॉल्व्ह, एकच हीटर लाइन, सरळ एसी. पहिल्या दोन व्हॉल्व्हना नऊ पाय, म्हणजे पिना, आणि तिसरा जाडा, आठ पायांचा. तिनं पीळ घातला, कोपऱ्यातून नेला आणि सॉकेटांना डाग दिले. जाड्याला सातवी आणि आठवी पिन. नऊ पायांच्या दोघांना चौथी आणि पाचवी एकत्र बांधून पिळातली एक तार, आणि नवव्या पिनेवर दुसरी. त्या जातीच्या व्हॉल्व्हला तसंच लागतं. दुपारी ती मागे भाकऱ्या टाकायला गेली.

तेवढ्यात डॉक्टर येऊन गेले. कापसात गुंडाळलेला एक जुना, दुर्मिळ व्हॉल्व्ह त्यांनी आणला होता, तो दुसऱ्या व्हॉल्व्हच्या जागी बसवा म्हणाले. उस्तादनं होकार दिला आणि सॉकेटमध्ये तो खोचला. हाही नऊ पायांचा, बाहेरून पहिल्याचा जुळा भाऊ. पण आतलं घर वेगळं. याचा हीटर चौथ्या आणि पाचव्या पिनेच्या मधे असतो, आणि नवव्या पिनेला आतला पत्र्याचा पडदा जोडलेला असतो. तो पडदा चासीला टेकवायचा असतो, हीटरची वीज तिथं चुकूनही जाता कामा नये, गेली तर सेट घूं करतो. उस्तादला हे तोंडपाठ होतं. पण नव्या व्हॉल्व्हच्या आनंदात सॉकेट जुन्या जातीसाठी जोडलेलं आहे, हे त्याच्या डोक्यातून गेलं.

ती आली, स्टुलावर बसली आणि त्यानं बटण दाबलं. पहिला व्हॉल्व्ह पेटला, जाडा पेटला. मधला काळाच राहिला.

"जाळलास," उस्ताद म्हणाला. "लोकांचा व्हॉल्व्ह जाळलास."

ती बघायला व्हॉल्व्हकडे वळली, आणि वळली म्हणून डावा कान त्याच्यासमोर आला. इतक्या वर्षांची सवय त्या एका क्षणी त्याच्या हातानं मोडली. खोलगट तळवा डाव्या कानावर बसला. तिचं डोकं मेजाच्या कडेवर आदळलं, तोंडात रक्ताची चव आली, आणि सगळं जग एकदम लांब गेलं. उस्तादचे ओठ हलत होते. हात चालव, असं काहीतरी तो म्हणत असावा. हात तर चाललेच. चासी उलटी करून तिनं बघितलं आणि काय घोटाळा झालाय ते तिच्या ध्यानात आलं. मधे दुसऱ्याच जातीचा व्हॉल्व्ह आला होता आणि त्याच्या हीटरच्या दोन्ही टोकांना एकच तार मिळत होती. चौथी-पाचवीची गाठ तिनं कापली. नववीवर आलेली तार पाचवीला मिळावी म्हणून दोन्हींमध्ये तारेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा टाकून डाग दिला. आता पाचवीपर्यंत मूळ तार ओढून घ्यायची, नववी मोकळी करायची आणि चासीला टेकवायची, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात कानातून काहीतरी गरम मानेवर ओघळलं आणि समोर दारात बारकी उभी दिसली. कॉलेजातून आली होती, पिशवी खांद्यावर होती, आणि ती आत येत होती. आईनं पदरानं मान पुसली, उठली, पोरीला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. परत येऊन बघते तर उस्तादनं चासी सुलटी केली होती आणि मधला व्हॉल्व्ह लालसर पेटला होता. उस्ताद हसत होता. त्यानं तिच्या पाठीवर थोपटलं.

नवव्या पिनेवरची तार तशीच राहिली. डोकं घणघणत असताना तिला ती आठवली नाही, आणि पुढे कधी चासी उलटी करायची वेळ आली नाही.

कान बरा होईल असं तिला वाटलं होतं. तो झाला नाही. माणसांचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं यायचं, ओठ बघितले की कळायचं. पण खालचे जाड आवाज पार गेले. पंख्याची घरघर गेली, शेजारचं वाइंडिंगचं मशीन गेलं. उरली ती उजव्या कानातली घूं, आता ती वजा करून ऐकायला बाहेर काही उरलं नव्हतं. डॉक्टर एकदा सेट कुठवर आलाय ते बघायला आले तेव्हा तिच्या कानात वाळलेलं रक्त त्यांना दिसलं. आयुष्यभर लोकांच्या जबड्यात बघितलेला माणूस, त्याला कळलं नसेल असं कसं म्हणावं? कान कुणाला तरी दाखवून घ्या, असं ते हळूच म्हणाले, आणि लगेच उस्तादकडे वळून सेट कधी मिळेल ते विचारायला लागले.

तिनं कुणाला दाखवला नाही. दाखवला तर उस्तादला कळणार, कळलं तर स्टूल रिकामं होणार. ती बोटानं ऐकायला लागली. स्पीकरच्या कागदावर पहिलं बोट अलगद टेकवायचं. जाड घूं असेल तर कागद बोटाखाली थरथरतो. कान लावल्याचं नाटक करायचं आणि बोटावर भरवसा ठेवायचा. गल्लीतले दोन-तीन सेट तिनं असेच पास-नापास केले, आणि कुणाला पत्ता लागला नाही.

डॉक्टरांचा प्रीअॅम्प तयार झाला तेव्हा उस्तादनं त्याला दुकानातला अॅम्प्लिफायर आणि तळहाताएवढा स्पीकर जोडला. तिनं कान नेला, बोट टेकवलं. कागद गप्प होता. एवढ्याशा स्पीकरला ती जाड घूं पेलतच नव्हती. पूर्वीचा कान असता तर तिनं तरीही ती त्यातून उपसून काढली असती. तिनं मान हलवली. उस्तादनं सेट स्वतः पुसून डॉक्टरांकडे पोचवला.

डॉक्टर तो घेऊन परत आले. फार अदबीनं म्हणाले, की माझ्या मोठ्या स्पीकरवर खोली भरून घूं येते, तबकडी लावायच्या आधीच. गिऱ्हाइकासमोर उस्ताद कधी आवाज चढवत नसे. त्यानं सेट ठेवून घेतला, बघतो म्हणाला, डॉक्टरांना दारापर्यंत सोडायला गेला. मग स्पीकरवाल्याकडून एक मोठा स्पीकर उचलून आणला. स्पीकरवाला मदतीला आला होता. सेट चालू झाला आणि दुकानाच्या खिडकीची काच थरथरायला लागली. स्पीकरवाल्यानं एकदा उस्तादकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि काम आहे म्हणून निघून गेला.

ती स्टुलावर होती, स्पीकरकडे पाठ करून. काच थरथरतेय हे तिला दिसलं नाही. उस्ताद समोर येऊन काही विचारत होता. तिनं सवयीनं स्पीकरकडे वळून कान लावला आणि बोट टेकवलं. कागद बोटाखाली नाचत होता. ती घूं आहे म्हणणार होती, पण उस्तादचं लक्ष तिच्या बोटावर गेलं होतं. त्यानं ते बोट मुठीत धरलं.

"कधीपासून बोटानं ऐकतेस?"

त्यानं बोट मागे वाकवायला सुरुवात केली. सावकाश, एखादी घट्ट पिन सॉकेटमधून काढावी तसं. पेर मोडलं तेव्हा तिला त्याचा आवाज हाडातून ऐकू आला. मग त्यानं तिला केसांना धरून स्टुलावरून खाली ओढलं, कमरेत दोन लाथा घातल्या आणि फरशीवर पडलेल्या तिच्या तोंडाजवळ वाकून, तिला ओठ दिसतील असा म्हणाला, "उठ. आता तुझा उपयोग नाही. बारकीला बोलाव."

बोलवायची गरज पडली नाही. आवाजानं बारकी दारात आली होती. बापानं तिला स्टूल दाखवलं. ती बसली. खिडकी थरथरत होती, मेजावरचे स्क्रू थरथरत होते, आवाज रस्त्यावर जात होता. बाप म्हणाला, सांग, घूं कुठून येतेय, हीटरमधून की सप्लायमधून.

"मला काही ऐकू येत नाही," बारकी म्हणाली.

बापानं परत विचारलं. तिनं तेच सांगितलं, पाठ केलेलं, डोळे आईवर ठेवून.

फरशीवरून आईला सगळ्यात आधी दिसला तो नवऱ्याचा हात. तो खाली लोंबत होता आणि त्याची बोटं हळूहळू जवळ येत होती, तळवा खोलगट होत होता. तो आकार तिच्याइतका जगात कुणाला माहीत नव्हता. ती कशी उठली ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही. त्याच्या मागे उभी राहिली तेव्हा तिचे स्वतःचे दोन्ही तळवे तस्सेच वाटीसारखे झाले होते, मोडक्या बोटासकट. तिनं ते एकाच वेळी त्याच्या दोन्ही कानांवर आणले.

उस्तादचं तोंड उघडलं. तो मेजावर कोसळला, सेटची तार त्याच्या हाताला गुंतली आणि प्रीअॅम्प त्याच्याबरोबर खाली आला. तिन्ही व्हॉल्व्ह फुटले, काचा त्याच्या गालात घुसल्या. बारकीनं झेप घेऊन भिंतीतला प्लग उपटला. उस्ताद उठायला गेला तर आईनं परत मारलं, परत कानावरच. मग ती त्याच्या छातीवर बसली, केस धरले आणि डोकं फरशीवर आपटलं. एकदा आपटलं, तेव्हा तिला भीती वाटली. दुसऱ्यांदा आपटलं, तेव्हा वाटली नाही. तिला बरं वाटत होतं. हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण तिनं स्वतःच ते कधी झाकलं नाही. त्याच्या कानातून रक्त येऊन काचांमध्ये मिसळत होतं आणि तिला थांबायचं नव्हतं. बारकीनं तिला मागून मिठी घालून ओढलं नसतं तर त्या दिवशी तो मेला असता.

"आई, बस. आई, ऊठ आता."

त्या दोघी त्याच कपड्यांवर निघाल्या. उस्तादला इस्पितळात नेलं ते वाइंडिंगवाल्यानं. काय झालं असं तिथं विचारलं तेव्हा उस्तादनं सांगितलं, जिन्यावरून पडलो. बायकोनं मारलं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. इतकी वर्षं त्याच इस्पितळात हाच जिना तिनं सांगितला होता.

शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मोठ्या बहिणीची खोली होती. जवळच ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा एक कारखाना होता, मालकीण बाईमाणूस. तिला ऐकू कमी येतं हे कळल्यावर मालकीण म्हणाली, इथं मशीनच्या गोंगाटात कुणालाच काही ऐकू येत नाही, बस. मोडलेलं बोट वाकडं जुळलं, पण तार धरायला चालत होतं. पहिले काही महिने दारात कुणी उभं राहिलं की ती हातात जे असेल ते घट्ट धरायची. मग तेही कमी झालं. बारकी कॉलेजातून येताना डबा घेऊन यायची आणि दोघी गुंडाळ्यांच्या ढिगाशेजारी बसून जेवायच्या.

अशाच एका दुपारी उस्ताद आला. काखेत प्रीअॅम्प होता. खंगला होता, गालावर काचेच्या खुणा होत्या, आणि मान एका बाजूला कलवून उभा होता. आईचा हात आपोआप पक्कडीवर गेला. बारकी तिच्या पुढे येऊन उभी राहिली. उस्ताद दारातच थांबला आणि गरजेपेक्षा फार मोठ्यानं बोलला, जसं कान गेलेली माणसं बोलतात. तिला ऐकू आलं, आणि नाही आलं ते ओठांवर दिसलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की सेट नवीन व्हॉल्व्ह घालून परत बांधलाय, हीटरची सगळी लाइन उपटून नवी टाकलीय, पीळ स्वतः घातलाय, तरी घूं जात नाही. गल्लीतले म्हणतात सेट गप्प आहे. ते खोटं बोलतात. सगळे सेट घूं करतात, गल्लीतला एकूण एक. एकदा तू बघ.

मालकिणीनं मशीन बंद केलं. कोपऱ्यात एक जुना अॅम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर पडलेला होता. आईनं पक्कड सोडली नाही, पण मानेनं बारकीला खूण केली. बारकीनं सेट जोडला. व्हॉल्व्ह पेटले. बारकी स्पीकरशी वाकली, बराच वेळ वाकून राहिली आणि म्हणाली, "मला काही ऐकू येत नाही."

या वेळी ते खरं होतं. बापानं तिच्याकडे बघून मान झटकली.

मग आईनं वाकडं बोट स्पीकरच्या कागदावर टेकवलं. कागद निर्जीव होता. तिनं प्लग काढला, सेट उलटा केला आणि आत बघितलं. पीळ बऱ्यापैकी घट्ट होता. मधल्या सॉकेटच्या नवव्या पिनेवरून एक छोटी तार निघून चासीला नीट टेकवलेली होती.

उस्ताद म्हणाला, "नवव्या पिनेवर तार राहिली होती. पाचवीकडून आलेली. तुझ्या हातची."

"तेव्हाच तुम्ही कानाखाली मारली होतीत," ती म्हणाली. "म्हणून राहिली."

तो सेटकडे बघत राहिला. ती घूं त्याच्याच हातानं सेटमध्ये गेली होती, आणि ती पकडणारा कानही त्याच हातानं फोडला होता. हे त्याला त्या वेळी कळलं की नाही, कुणास ठाऊक. चेहऱ्यावरून कळल्यासारखं वाटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायची सवय तिनं कधीच सोडली होती.

"सेट गप्प आहे," तिनं ओठ नीट हलवत सांगितलं. "वाजतंय ते तुमच्या कानात. तारांना कितीही पीळ घाला."

उस्तादनं दोन्ही हात कानांवर ठेवले, काढले, परत ठेवले. त्याला वाटलं असावं की असं केलं की थांबेल. मग तो खाली, गुंडाळ्यांच्या ढिगाशेजारी बसला. आजवर तिनं त्याला कुणाकडे काही मागताना बघितलं नव्हतं.

"रात्रंदिवस चालते," तो म्हणाला. "जेवताना पण. झोपेत पण. कशानं थांबते ते सांग. तुला माहीत असणार."

"मला माहीत असतं तर मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच माझी थांबवली असती."

त्याचे हात कानांवरून खाली आले.

"तुझी?" त्यानं विचारलं.

तिच्या कानाबद्दल त्यानं काही विचारायची ती पहिलीच वेळ होती. तिनं सेट त्याच्या मांडीवर ठेवला, पक्कड जागेवर ठेवली आणि मशीन चालू केलं.